दोघांचेही कोअर ३५८४, मग नवं कार्ड पुढे का जात नाही?

मोजपट्टी
मंडळी, दोन दिवस डोकं पिकलंय, म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, २०१७चं. बसवलं त्या दिवसापासून पुन्हा हात लावलेला नाही. गेल्या आठवड्यात भाचा त्याचं आरटीएक्स ३०६० (१२ जीबीवालं) घेऊन आला. त्याचा पॉवर सप्लाय गेलाय, कार्ड जिवंत आहे का एवढंच बघायचं होतं. आहे जिवंत. पण सहज म्हणून दोन्ही कार्डांचे आकडे शेजारी मांडले आणि चक्रावलो. दोघांचेही कोअर ३५८४. कोअर म्हणजे चिपमधले गणित करणारे भाग; एक कमी नाही, एक जास्त नाही. वर ३०६० चार वर्षांनी धाकटं, क्लॉकही (चिप चालण्याचा वेग) जास्त. मग त्याने म्हाताऱ्याला सहज मागे टाकायला हवं ना?

रिझोल्यूशन १४४०पी, सेटिंग तीच. दोन गेममध्ये फरक एकोणीस-वीसचा. तिसऱ्यात म्हातारं चक्क पुढे. चौथ्यात मात्र त्याने पार मान टाकली. आणखी एक गंमत: वीसेक मिनिटं खेळलं की बरं चाललेलं म्हातारं हळूहळू मंदावत जातं.

कोणी नीट उलगडून सांगेल का? आणि बदलायचंच झालं तर ४०६० घ्यावं का? नाव नवं, पण कोअर ३०७२ आणि मेमरी ८ जीबी. ही बढती की पदावनती?

बिनकार्डी
मी अजून ऑनबोर्डवर आहे, वेगळं कार्डच नाही. माझ्यासाठी दोन्ही कार्डं नवीनच. :)

शून्यमित्र
सरळ टेराफ्लॉप काढा, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन. १०८० टीआय ११.३, ३०६० १२.७. म्हणजे नवं कार्ड १२ टक्के पुढे. तुमच्या मोजण्यातच गडबड असणार.

उलटतपासणी
शून्यमित्र, याच हिशोबाने एएमडीच्या वेगा ६४चे होतात १२.६ आणि एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८०चे ८.९. दोन्ही त्याच काळातली कार्डं, गेममध्ये जवळपास बरोबरीची. ते ४० टक्के गेले कुठे? पुढे २०१९मध्ये एएमडीचंच आरएक्स ५७०० एक्सटी आलं. वेगाच्या ४०९६ कोअरसमोर याचे २५६०, टेराफ्लॉप ९.७ आणि तरी वेगापेक्षा जलद. टेराफ्लॉप म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची मिळून कमाल क्षमता. कच्चा माल वेळेवर आला नाही तर यंत्रं नुसती घरघरत उभी.

आता मूळ प्रश्न. '३५८४' दोन्हीकडे दिसत असला तरी मोजायची पद्धत मध्ये दोनदा बदलली.

पास्कल पिढीच्या, म्हणजे १०८० टीआयच्या, प्रत्येक एसएममध्ये (कोअरच्या गटात) १२८ कोअर. दशांशाचं गणित तेच करणार आणि पूर्णांकाचंही तेच. असे २८ एसएम. २०१८मध्ये ट्युरिंग आलं तेव्हा दोघांच्या चुली वेगळ्या केल्या: एसएममध्ये ६४ दशांशवाले, ६४ पूर्णांकवाले, एकाच वेळी कामाला. गेममध्ये दर १०० दशांश-सूचनांमागे साधारण ३६ पूर्णांकाच्या असतात, असं एनव्हिडियाने तेव्हा सांगितलं होतं, म्हणून ही वाटणी. पण जाहिरातीत कोअर म्हणून मोजले फक्त दशांशवाले ६४. मग २०२०मध्ये अँपियर, ३०६०ची पिढी. त्या पूर्णांकवाल्या ६४ जणांना सांगितलं, रिकामे असाल तेव्हा दशांशालाही हात लावा. आणि लगेच त्यांनाही हजेरीपटावर घेतलं. झाले १२८. तुमच्या भाच्याच्या ३०६०मध्ये असे एसएम किती? २८. वळसा घालून गाडी पुन्हा त्याच दारात.

म्हणूनच २०८० टीआयचे कोअर ४३५२ आणि ३०८०चे बरोब्बर दुप्पट, ८७०४. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम दुप्पट झाल्या का? निम्म्यानेही वाढल्या नाहीत.

मोजपट्टी
हजेरीपट! आता कळलं. पण मग तिसऱ्या गेममध्ये म्हातारं पुढे कसं?

उलटतपासणी
कच्चा माल. १०८० टीआयचा मेमरी बस (मेमरीपासून चिपपर्यंतचा रस्ता) ३५२ बिटचा, सेकंदाला ४८४ जीबी. ३०६०चा १९२ बिट, ३६० जीबी. पिक्सेल शेवटी छापून बाहेर काढणारे आरओपी जुन्याकडे ८८, नव्याकडे ४८. रिझोल्यूशन जितकं चढवाल तितका हा फरक बोलू लागतो. मुळात १०८० टीआय त्या पिढीतलं वरच्या पायरीचं कार्ड होतं आणि ३०६० त्याच्या पिढीतलं मधल्या पायरीचं.

जुनाखोडकर
कार्डाच्या नावावर विश्वास ठेवायचं मी २००८ सालीच सोडलं. ८८०० जीटीएस ५१२, मग ९८०० जीटीएक्स, मग ९८०० जीटीएक्स प्लस, मग जीटीएस २५०. चिप एकच, जी९२. सुधारणा झाल्या, नाही म्हणत नाही, पण नवरा तोच आणि बोहल्यावर चार वेळा.

आणि नाव तेच ठेवून आतला माल बदलायचीही रीत आहे. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरीवर आलं, सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४वालं, जेमतेम १७ जीबी. १०६०चंही तसंच. ३ जीबी आणि ६ जीबी यांत फक्त मेमरीचा फरक असेल असं वाटतं, पण कोअरही ११५२ आणि १२८०.

फ्रेमवेडी
३०६०चंसुद्धा ८ जीबीवालं आहेच की, १२८ बिट बसचं. मोजपट्टी, भाच्याकडे १२वालं आहे हे नशीब समजा.

धूळधाण
लॅपटॉपवाल्यांनी तर बोलूच नये. माझ्या लॅपटॉपवर ४०९० लिहिलंय. आतली चिप डेस्कटॉपच्या ४०८०ची. कोअर ९७२८, डेस्कटॉपच्या ४०९०ला १६३८४. घेतल्यानंतर कळलं. स्टिकर मात्र अजून चकचकीत आहे.

शून्यमित्र
बरं, टेराफ्लॉपचं मागे घेतो. पण मग तुलना करायची तरी कशी? कोअर नाही, टेराफ्लॉप नाही, नाव नाही, मेमरीचा आकडा नाही. कुंडली जुळवायची का?

फ्रेमवेडी
जे चालवायचंय ते चालवून बघायचं. दुसरा मार्ग नाही. पण चालवून बघण्यातही लोक घोळ घालतात, माझ्यासकट.

सरासरी फ्रेमवर जाऊ नका. फ्रेमला लागणारा वेळ बघा. ६० फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सेकंदभरात ५९ फ्रेम झपाझप आल्या आणि साठावीला १०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी छान दिसेल, पण डोळ्याला झटका बसायचा तो बसणारच. म्हणून सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम वेगळ्या काढून बघायच्या. कार्ड पुरतंय की मेमरी तुंबलीये, ते तिथे कळतं.

दुसरं, पहिली फेरी धरायची नाही. तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, आकडा उगाच खाली येतो. तीन फेऱ्या घ्या, त्याच जागी, त्याच वाटेने चालत. आणि २०१७च्या परीक्षणातला आकडा २०२३च्या परीक्षणातल्या आकड्याशेजारी ठेवून टक्केवारी काढू नका. मधल्या काळात गेमचे पॅच आले, ड्रायव्हर बदलले, परीक्षकाचा सीपीयूही बदलला. तो फरक कार्डाच्या खात्यावर मांडणं चूक.

वॅटवाला
सगळे फ्रेम मोजताहेत, विजेचं कोणी बोलेना. १०८० टीआय २५० वॅट, ३०६० १७०, ४०६० ११५. पहिल्या आणि शेवटच्यात १३५ वॅटचा फरक. रोज चार तास धरले तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, वर्षाला १९७ युनिट. शिवाय ती सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. मोजपट्टी पदावनती म्हणतात, पण निम्म्याहून कमी विजेत ४०६० बहुतेक गेममध्ये १०८० टीआयच्या पुढे राहतं. नवं कार्ड म्हणजे माझ्या लेखी हेच.

मोजपट्टी
पण वॅटवाला, ४०६०चा बस १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी. उलटतपासणींच्या कच्च्या मालाच्या न्यायाने ते उपाशी मरायला हवं.

उलटतपासणी
चांगला प्रश्न. त्यांनी माल जवळ आणून ठेवला. १०८० टीआयच्या चिपमध्ये एल२ कॅश २.७५ एमबी, ३०६०मध्ये ३, आणि ४०६०मध्ये २४. कोठार लहान केलं, पण हाताशी मोठं फडताळ दिलं. लागणारी वस्तू फडताळात असली की कोठारापर्यंत जावंच लागत नाही. अडचण येते फडताळ ओसंडलं की. ४०६० टीआयचं बघा: ३०६० टीआयचा बस २५६ बिट, याचा १२८. १०८०पीला नवं पुढे, आणि ४के केलं की ती आघाडी विरघळते, काही गेममध्ये तर मागे पडतं. म्हणजे 'कोणतं जलद' याचं उत्तर मॉनिटर बदलला की बदलू शकतं.

आणखी एक. ४०६० पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या) आठच लेन वापरतं. मदरबोर्ड जुना असेल आणि ८ जीबी भरून वाहिले, की त्या अरुंद बोळातून ये-जा सुरू होते. मोजपट्टी, तुमचा बोर्ड कोणता?

मोजपट्टी
कार्डाच्याच वयाचा. पीसीआयई ३.

उलटतपासणी
मग हे लक्षात ठेवा. ४०६०चं अगदी अडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी होतं चार लेनचं, ४ जीबीचं. ते पीसीआयई ३वर टाकलं की काही गेममध्ये पार लोळण घ्यायचं. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर तसाच फटका बसतो. नवं कार्ड जुन्या घरात नांदेलच असं नाही.

शून्यमित्र
डीएलएसएस (एआयच्या मदतीने फ्रेम वाढवायचं एनव्हिडियाचं तंत्र) कोणी काढलंच नाही अजून. ३०६०वर ते लावा आणि मग करा तुलना. ५०७० = ४०९० असं २०२५च्या जानेवारीत जेन्सन हुआंग स्वतः मंचावर म्हणाले होते. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय आणि आपण आरओपी मोजत बसलोय.

जुनाखोडकर
आला, वाटच बघत होतो.

फ्रेमवेडी
शून्यमित्र, त्यात दोन गोष्टींची मिसळण होतेय. अपस्केलिंग म्हणजे लहान चित्र काढून मोठं करणं. त्यात कार्डाचं काम खरंच कमी होतं, फ्रेम खरंच लवकर तयार होते, हाताला फरक जाणवतो. हे ३०६०ला मिळतं, १०८० टीआयला डीएलएसएस नाही, एएमडीचं एफएसआर वापरता येतं. तुलनेत हे धरायला माझी ना नाही, चित्र शेजारी ठेवून बघा म्हणजे झालं.

फ्रेम जनरेशन मात्र वेगळं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक, किंवा ५० मालिकेत तीन-तीनही, रचलेल्या फ्रेम घुसवतात. ५०७० आणि ४०९०ची बरोबरी त्या धरून होती. डोळ्याला गुळगुळीत दिसतं, कबूल. पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्या वेगाने. खऱ्या ३० असतील तर पडद्यावर १२० दिसू देत, हाताला ३०च. उलट मधली फ्रेम रचायला पुढची आधी तयार व्हावी लागते, म्हणून थोडा उशीरच वाढतो.

शून्यमित्र
मी स्ट्रॅटेजी गेम खेळतो. मला उशिराचं काय? डोळ्याला छान दिसतंय तर तो परफॉर्मन्सच की.

फ्रेमवेडी
मग तुमच्यासाठी आहे. मी शूटर खेळते, माझ्यासाठी नाही. पण एकाच तक्त्यात, एकाच रंगाच्या पट्टीत दोन्ही दाखवू नका एवढंच म्हणणं.

शून्यमित्र
हे मान्य.

जुनाखोडकर
इतक्यात मिटलं? धाग्याची शंभरी भरेल वाटलं होतं.

अवांतर: नवं कार्ड जुन्यापेक्षा मागे पडल्याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे फिजएक्स. २०१०च्या आसपासच्या काही गेममध्ये कापड, धूर, उडणारे कागद यांचं गणित ३२ बिटच्या फिजएक्सवर चालायचं. ५० मालिकेने तो आधारच काढून टाकला. गणित सीपीयूच्या गळ्यात. परिणामी दहा-बारा वर्षांची कार्डं त्या दृश्यात मजेत आणि नवीकोरी कार्डं धापा टाकतायत. आरडाओरडा झाल्यावर ड्रायव्हरमधून काही गेमसाठी परत आणलं.

सोल्डरताई
उशिरा आले. सगळी चर्चा वाचली, पण मोजपट्टींच्या पहिल्याच पोस्टमधल्या वाक्याकडे कोणाचंच लक्ष नाही. 'बसवलं त्या दिवसापासून पुन्हा हात लावलेला नाही' आणि 'वीसेक मिनिटांनी मंदावतं'. अहो, २०१७चं कार्ड आणि एकदाही उघडलेलं नाही! तुम्ही आत्ता दोन कार्डांची नाही, एका धुतलेल्या आणि एका मळलेल्या सदऱ्याची तुलना करताय.

खेळताना तापमान आणि क्लॉक दोन्ही बघा. ८४ अंशांवर येऊन थबकत असेल आणि क्लॉक उतरत असेल, तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळली. उघडणार असाल तर ऐका. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे सैल करायचे, एकच पूर्ण काढायचा नाही. हीटसिंक उचलताना झटका द्यायचा नाही, पंख्याची वायर बोर्डाला जोडलेली असते. मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर जाडी मोजूनच नवे घ्या. अर्धा मिलिमीटर जास्त जाड झाला तरी हीटसिंक मधल्या चिपवर नीट टेकत नाही, आणि मग सगळं करून तापमान पहिल्यापेक्षा वर. हे मी स्वतःच्या कार्डावर केलंय, म्हणून सांगते. आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. भिरभिरताना मजा वाटते, पण बेअरिंगची वाट लागते.

बिनकार्डी
ऑनबोर्डचा एक फायदा सापडला.

धूळधाण
सोल्डरताई, हे माझ्या नावाच्या माणसाला आधीच सुचायला हवं होतं. शरमिंदा आहे.

मोजपट्टी
रविवारी उघडलं. ताई म्हणाल्या ते अक्षरशः खरं.

हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी नमदा बसला होता, नखाने उचलला तर सलग एका तुकड्यात निघाला. पेस्ट म्हणजे भेगाळलेला वाळका चिखल, चिपच्या कडेला गोळा झालेली आणि मध्यभागी जवळजवळ कोरडं. अल्कोहोलने पुसताना चारदा कापड बदललं, तेव्हा कुठे चिपमध्ये माझं नाक दिसलं. दोन पॅड फाटले, जाडी मोजून नवे लावले.

आधी ८४ अंशांवर अडकायचं आणि क्लॉक १५००च्या आसपास घसरायचा. आता तासभर खेळलो तरी ७२, क्लॉक १८५०च्या खाली येत नाही. पंख्याचा आवाजही उतरला. दोन गेममध्ये जे एकोणीस-वीस होतं तिथेही म्हातारं आता थोडं पुढे आहे.

चौथा गेम मात्र जिथल्या तिथे. तिथे अजूनही मान टाकलेलीच.

उलटतपासणी
चौथा कोणता?

मोजपट्टी
ॲलन वेक २.

उलटतपासणी
मग त्यात धुळीचा दोष नाही. तो गेम मेश शेडर (वस्तूंचे आकार मांडायची नवी पद्धत) धरून लिहिलाय. ती सोय एनव्हिडियाच्या कार्डांत ट्युरिंगपासून आली. पास्कलमध्ये नाहीच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गेम आला तेव्हा पास्कलवर हाल होते, नंतर पॅचने बरंच सुधारलं. तुमचा गेम अपडेट आहे का ते बघा.

पण जुन्या कार्डांचं खरं दुखणं इथून पुढे आहे. वेग हळूहळू कमी पडत जातो तेव्हा सेटिंग उतरवून निभावता येतं. सोयच नसली की दारच बंद. इंडियाना जोन्सचा २०२४चा गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची कार्डातली सोय) असल्याशिवाय चालणार नाही अशा अटीने आला. त्या गेमला तुमचं ११ जीबीचं कार्ड नको आणि दुबळं २०६० सुपर चालतं. २०१९मध्ये ड्रायव्हरमधून पास्कलवर रे ट्रेसिंग सुरू करून दिलं होतं, पण वेगळे आरटी कोअर नसल्याने ते केवळ प्रदर्शनापुरतं. शिवाय पास्कलसाठी गेमनुसार नवे ड्रायव्हर २०२५च्या ऑक्टोबरपर्यंतच, पुढे २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या.

वॅटवाला
व्हिडिओचंही बघा. एव्ही१ (व्हिडिओ आवळायची एक पद्धत) उलगडायची सोय ३० मालिकेपासून, त्यात एन्कोड करायची ४० पासून. १०८० टीआयवर ते सगळं सीपीयूच्या माथी.

मोजपट्टी
गेम अपडेट नव्हताच. केला, बरं चालतंय आता, ३०६०च्या मागे आहे पण खेळता येतं.

सध्या काही घेत नाही. माझे बहुतेक गेम २०२०च्या आधीचे, मॉनिटर १४४०पी, बोर्ड जुना. हे कार्ड काढून ८ जीबी आणि आठ लेनवालं घ्यायला मन धजत नाही. बंद दार वाटेत आलं की बघू, तेव्हा बोर्डासकट बदलेन. भाचा मात्र आता म्हातारं मागतोय. म्हणतो, मामा, अदलाबदल करू. त्याला मेमरीचा रुंद बस आवडलाय.

सोल्डरताई
त्याला आधी पॉवर सप्लाय घ्यायला सांगा. २५० वॅटचं कार्ड मागतोय आणि घरात चालू सप्लाय नाही.

फ्रेमवेडी
मोजपट्टी, साफ केल्यावर 'थोडं पुढे' म्हणजे किती? सरासरी की सगळ्यात मंद एक टक्का? आणि किती फेऱ्या?

मोजपट्टी
सरासरी. एकच फेरी. आणि पहिलीच.

थांबा, पुन्हा मोजतो.